गोल झाला त्या दिवशीचा भोंगा

आमच्या खाणीच्या फुटबॉल टीमला गोल करता येत नसे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगाच आशेवर राहणार नाही. गाव तुमसरच्या पलीकडे, धानाची शेतं संपून जंगल सुरू होतं तिथलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. पंचक्रोशीत टीमची बदनामी व्हायची तेवढी होऊन गेली, आता छापून आणखी कशाला? मँगनीजची खाण, कामगारांच्या घरांच्या सहा लाइनी, एक शाळा, एक मारुती आणि खाणीतून निघालेल्या दगडांचा एक भलामोठा ढिगारा, एवढंच आमचं जग. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी मैदान होतं, त्यामुळे बसायला पायऱ्या बांधाव्या लागल्या नाहीत. प्रत्येकाने आपापला दगड ठरवून घेतला होता. सामना संपवून घरी आलं की बसायची जागा काळी झालेली असायची, आणि नाकाडोंगरीच्या बाजारात मागून बघूनच लोक ओळखायचे की हे खाणीचे, काल पुन्हा हरलेले. एक भाजीवाली तर माझ्या बाबांच्या पिशवीत एक टमाटर जास्तीचं टाकायची आणि म्हणायची, "घ्या जी, खाली हातानं काहून जाता घरी?"

बाबा खाणीत खाली ड्रिल मारायचे. घरी आले की दात आणि डोळे तेवढे पांढरे दिसत. माय अंगणात चुलीवर पाणी तापवून ठेवायची आणि ते येण्याच्या बेताने भाताचं आधण चढवायची. तिला घड्याळ लागत नव्हतं, भोंगा होता. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. त्या भोंग्यावर आमच्या लाइनीतल्या बाया मुलांना न्हाऊ घालत, डाळ शिजवत, भांडणंसुद्धा आटोपती घेत. आमच्याकडे लाखोळीची डाळ नाहीतर पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी, आणि सणावाराला तांदळाच्या पिठाचे आयते, तव्यावर पातळ पसरून सराट्याने उलटायचे. एक गोष्ट मात्र आम्हा पोरांना चालायला लागायच्या आधी शिकवलेली असायची. भोंगा वेळ सोडून वाजला आणि लांबच लांब वाजत राहिला, तर खाली काहीतरी झालंय. माझ्या जन्माआधी तसा एकदा वाजला होता म्हणे. माय त्याबद्दल कधी बोलली नाही, पण दोनचा भोंगा दहा मिनिटं उशिरा वाजला तरी तिचा हात कढईवर थांबायचा.

तर टीम. धान कापून झाला की आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक, दिवसा बाजार, आणि त्या दिवसांतच फुटबॉलचे सामने. दोन वर्षांच्या मंडया आल्या आणि गेल्या, आमच्या टीमने एक गोल केला नाही. हरणं वेगळं. हरायची सवय होते. पण गोलच नाही म्हणजे पोळ्याला बैल आणून दारातूनच परत नेण्यासारखं. मग आम्ही बघणाऱ्यांनी आपल्या सोयीचे नियम काढले. कॉर्नर मिळाला की गोल झाल्यासारख्या टाळ्या. बॉल गोलाच्या बांबूला लागला की अर्धा गोल. हे अर्धे गोल काशीनाथकाका मोजायचे. ते भोंगा वाजवणारे, आमच्या शेजारच्या दारातले, बोलायला एक नंबर. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं की आपले साडेतीन गोल झालेले आहेत आणि दुनिया जळते म्हणून मानत नाही. गणपत नावाचा आमचा पुढचा खेळाडू होता, बावीस-तेवीस वर्षांचा, तोही खाली खाणीतच कामाला. हरणासारखा पळायचा, तीन-तीन जणांना चकवायचा, आणि गोल समोर दिसला की पाहुणा आल्यासारखा लाजून बॉल मागे द्यायचा. "अरे मार बे! कोनाची वाट पाहून राहिला?" सगळा ढिगारा ओरडायचा. तो मान खाली घालून परत पळत यायचा.

माझा नातू सध्या भंडाऱ्याला आमच्या घरी बसून कुठल्या तरी परदेशातल्या क्लबचे सामने मोबाइलवर बघतो. त्या क्लबचं यंदा काही खरं नाही. हा रागाने उशी फेकतो, जेवत नाही, सगळ्या खेळाडूंना हाकलून द्यायला निघतो. मी म्हणते, बाळा, या टीमचा नि तुझा संबंध काय? त्यांच्यातला एक तरी सकाळी तुझ्या दारावरून डबा घेऊन जातो का? तो म्हणतो, आजी तुला नाही समजणार. मला नाही समजणार! बरं.

गोल का होत नाही याची कारणं शोधता शोधता गाडी पनवतीवर आली. पहिल्यांदा गोलखांबाला लिंबू बांधलं. मग गणपतचे बूट बदलले. मग मैदानाच्या कोपऱ्यातल्या मोहाच्या झाडावर संशय गेला, पण मोहाला कोण हात लावणार? मग माणसं निघाली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि एकही सामना चुकवत नव्हते. बाबांच्या दगडाशेजारचा लहान दगड माझा. एकदा गणपत गोलपाशी पोचला आणि मी उभी राहून किंचाळले, बॉल बांबूला लागून बाहेर गेला. पुढच्या सामन्यात पुन्हा तसंच झालं. मागून कोणीतरी म्हणालं, "हे पोरगी उभी झाली का बॉल बाहेर जाते. सदाशिवची पोरगी पनवती आहे बाप्पा." लोक हसले. थट्टाच होती, मलाही कळत होतं. पण थट्टा करता करता लोकांना ते पटायला लागलं, आणि त्या वर्षीच्या मंडईतल्या नाकाडोंगरीविरुद्धच्या सामन्याआधी टीमचा एक जण आमच्या दारात येऊन बाबांना म्हणाला, दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण यंदा शकूले घरीच ठेवा. मी चुलीमागे बसून रडले. राग त्यांचा आलाच, पण त्याहून वाईट म्हणजे मलाही वाटायला लागलं होतं की ते खरंच आहे.

बाबा मुळात कमी बोलणारे. त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "गणपतची उद्या दुसरी पाळी आहे. त्याले बदली भेटून नाही राहिली."

"मंग तो खेळन कसा?" मी विचारलं.

"मी उतरतो त्याच्या जागी. तू घरी, मी खाली. आपण दोघं बी पनवती. मंग पाहू, गोल नाही झाला तं कोनाचं नाव घेते हे लोक."

मी रडता रडता हसले. माय भाकर थापत होती, ती तिथूनच करवादली, "एवढं दिवसभर दगड फोडून बी तुमचे पाय शिवशिवतेच काय? आता त्या बॉलापायी पाळ्या बदलवता?" मायचं फुटबॉलशी वैर होतं. तिला बाबांचं नाव घेऊन काही बोलायची सोय नव्हती, आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर बाबा म्हणजे "शकूचे बाबा", नाहीतर "आयकलं काय", आणि राग आला की नुसतं "हे पाहा". बाबांना याचं मोठं वाईट वाटायचं. ते मधून मधून म्हणायचे, "माझं नाव चांगलं आहे वो. एखाद्या खेपी घेऊन तं पाहा." माय पदर तोंडाला लावून उठून जायची.

काशीनाथकाकांनी मात्र दोन वर्षांपासून एक शपथ घेऊन ठेवली होती. गोल झाला की भोंगा वाजवीन. भोंग्याची खोली खाणीच्या तोंडाजवळ उंचावर होती, तिच्या खिडकीतून मैदान दिसायचं, आणि दर सामन्याला त्यांचा हात दांड्यावर असायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणाच्याच ध्यानात नव्हतं. कारण गोल होणार नव्हता. होणारच नाही अशा गोष्टीचा विचार कोण करतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा डबा घेऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "खालून तं काही आयकू येत नाही. वर आलो का पहिले तूच सांग." सगळी लाइन ओस पडली, बाप्ये आणि पोरं ढिगाऱ्यावर. मंडईसाठी पाहुणे यायचे होते म्हणून मायने आयत्यांचं पीठ भिजवलं होतं. मी पाटावर बसून मिरच्या निवडत होते आणि कान मैदानाकडे लागले होते. दोनदा मोठा ओरडा ऐकू आला, दोन्ही वेळा नाकाडोंगरीवाल्यांचा. म्हणजे मी घरी राहूनही उपयोग नव्हता. थोडं बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मग एकदम एक वेगळाच कल्ला उठला, आणि तो संपायच्या आत भोंगा वाजायला लागला.

ऊन अजून ढिगाऱ्यावर होतं. ती कुठलीच वेळ नव्हती. भोंगा थांबेना. मायच्या हातातला आयता तव्यावर तसाच राहिला आणि ती उठली. चप्पल घातली नाही, पदर सावरला नाही, हातात सराटा तसाच. मी मागे पळाले. लाइनीतून सगळ्या दारांतून बाया बाहेर पडत होत्या, कोणाचे केस ओले, कोणाच्या कडेवर उघडं लेकरू. नुसता पायांचा आवाज. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ही पाळी बाबांची नव्हती. ते माझ्यासाठी खाली उतरले होते. लोक म्हणत होते ते खरं होतं, मी पनवती होते, आणि आता बाबांना गिळून बसले होते.

खाणीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा नियमाप्रमाणे खाली घंटी गेलेली होती. एकदा ती घंटी गेली की खालचा प्रत्येक माणूस पिंजऱ्यातून वर आणायचा, त्याचं नाव वहीत बघून टिक करायची, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत कोणाचं काही ऐकायचं नाही. तेवढ्यात काशीनाथकाका खोलीतून धावत उतरले. तोंड पांढरंफटक. हात हलवून ओरडत होते, "काही नाही वो बायांनो! गोल झाला! आपला गोल झाला!" आणि आमच्यातल्या एकीचाही त्यावर विश्वास बसला नाही. मला स्वतःला आठवतं, मी काय विचार केला ते. आमच्या टीमचा गोल? त्यापेक्षा खाण खचली हे पटण्यासारखं होतं. शेजारची बाई रडत म्हणाली, "याचं डोस्कं फिरलं बाप्पा, काही तरी लपवून राहिला हा." मग तर रडण्याचा एकच कल्लोळ झाला.

वही घेऊन बसलेला मुन्शी नवा होता, दूरच्या मुलखातला. प्रत्येकीला विचारत होता, "नाम बोलो, आदमी का नाम बोलो." बाया सांगत होत्या, बंड्याचे बाबा, चंद्रीचे बाबा, आमचे हे. तो वैतागून वही आपटत होता. पिंजरा एकदा वर आला, सहा जण उतरले, बाबा नव्हते. दुसऱ्यांदा आला, नव्हते. मायने मुन्शीकडे बघितलंच नाही. ती कठड्याला जाऊन भिडली, वाकली, आणि त्या काळ्या खड्ड्यात तिने सगळा जीव एकवटून हाक मारली, "सदाशिव! सदाशिव वो!"

मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता. दोरखंड पुन्हा हलला. पिंजरा वर येत होता आणि माय थांबत नव्हती, एकामागून एक नुसतं नाव. दार उघडलं. बाबा पहिलेच बाहेर आले. दात आणि डोळे पांढरे, बाकी काळे, आणि चेहऱ्यावर अशी भीती की विचारू नका. त्यांनी मायचे दोन्ही खांदे धरले.

"काय झालं वो? शकूले काय झालं?"

मग त्यांना मी दिसले. त्यांनी मला एका हाताने ओढलं आणि तिघंही तसेच उभे राहिलो. बाबांच्या अंगाला घाम, दगड आणि कार्बाइडच्या दिव्याचा वास येत होता. इतका चांगला वास मला पुढे आयुष्यात कुठे आला नाही. माझा जीव भांड्यात पडला. आजूबाजूला सगळ्याच बाया आपापल्या माणसाला चाचपून बघत होत्या. शेवटचा माणूस वर आला, मुन्शीने टिक केली, सगळी नावं जुळली.

तेव्हा कुठे काशीनाथकाकांकडे लोकांचं लक्ष गेलं. ते हात जोडून उभे होते. "गोल झाला जी," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "मी बोललो होतो नं, वाजवीन म्हणून. मंग आनंदात दांडा सोडाचाच राहून गेला."

बाबांनी मान वळवली.

"कोनं मारला?"

"गणपतनं."

"कोनत्या पायानं?"

"पायानं नाही. गुडघ्याले लागून गेला. तो बॉल मांगं द्यालेच पाहून राहिला होता."

मायच्या हातात सराटा होता हे आत्ता तिच्या लक्षात आलं. तिने काकांना त्याने सपासप चार-पाच ठेवून दिले, पाठीवर, दंडावर, आणि मारता मारता तिला हसू फुटलं. ते हसू एकीकडून दुसरीकडे गेलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात पदर, अशा चाळीस-पन्नास बाया खाणीच्या तोंडाशी बसून हसत होत्या. तेवढ्यात मैदानावरचे सगळे धापा टाकत येऊन पोचले. आमची टीम, नाकाडोंगरीची टीम, शिट्टी गळ्यात अडकवलेले आमचे शाळेचे गुरुजी. भोंगा लांबला तसे सामना टाकून पळत सुटले होते सगळे, त्यांचेही भाऊ, मेव्हणे खालीच असायचे. गणपत पुढे होता. बाबांना सुखरूप बघून त्याने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हुंदके द्यायला लागला. आपल्या जागी उतरलेला माणूस जिवंत बघून त्याला काय वाटलं असेल ते मला आज जास्त कळतं.

गुरुजी म्हणाले, सामना अर्धा सोडता येत नाही, नाहीतर गोल धरला जाणार नाही. असं म्हटल्यावर कोण घरी जाणार? खाणीच्या साहेबांनी खाली पुन्हा कोणाला उतरवलं नाही, म्हणून काळेकुट्ट बाबा आणि त्यांच्या पाळीचे सगळे लोक मैदानावर आले, आणि मागे सगळ्या बाया. माय बाबांच्या दगडावर बसली, बाबा माझ्या दगडावर, मी दोघांच्या मध्ये. उरलेल्या वेळात आम्ही आणखी गोल खाल्ला नाही आणि केलाही नाही. दोन-एकने हरलो, आणि डफडं वाजवत घरी आलो. नाकाडोंगरीवाले जिंकून चुपचाप बघत होते. तव्यावरचा आयता जळून कोळसा झाला होता. बाबांनी तोच खाल्ला. गोल झाला तेव्हा मी घरीच होते, तरी मायचा सराटा पाहिल्यावर मला त्या दिवसापासून कोणी पनवती म्हणालं नाही.

काशीनाथकाकांना दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसात बोलावणं आलं. नोकरी जाणार हे सगळ्यांनी धरलं होतं. त्यांच्या बायकोने चूलही पेटवली नाही. तेव्हा ज्या बायांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या त्याच ऑफिससमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि बोलायची वेळ आली तशी सगळ्यांनी मायला पुढे ढकललं. माय म्हणाली, "साहेब, भोंगा खोटा वाजला म्हणून त्याले शिक्षा करता काय? खरा वाजला असता तं आम्ही काय केलं असतं?" साहेबांनी नोकरीवरून काढायचा कागद घडी करून खणात टाकला. काकांना त्यांनी सहाही लाइनीत दारोदार जाऊन माफी मागायला लावली. काकांना तो दिवस फार जड गेला, कारण प्रत्येक दारात त्यांना चहा घ्यावा लागला.

टीम आजही आहे. भाच्याचा मुलगा खेळतो तिच्यात. परवा त्याचा मोबाइलवर निरोप आला, "आजी, यंदा पण शून्य." मी त्याला लिहिलं, वाट पाहा. कॉर्नरला टाळ्या वाजवत जा.

बाबा मात्र त्या दिवसापासून मायच्या मागेच लागले. "एका गोलापायी नाव तं आयकू आलं," ते जेवताना म्हणायचे. "आणखी एक डाव घे नं." माय भात वाढता वाढता म्हणायची, "होऊ द्या दुसरा गोल, मंग घेईन." तिला वाटलं, सुटले. टीम आपलीच होती, तिचा भरवसा होता. पण आता ती सामन्याला यायला लागली होती, बाबांच्या शेजारी नवा दगड धरून. त्यानंतरची मंडई कोरडी गेली. तिच्या पुढच्या वर्षी, संध्याकाळ होता होता, गणपतने कोणाकडे न बघता बॉल सरळ आत मारला. ढिगारा उठून उभा राहिला, लोक नाचायला लागले. मी बाबांकडे बघितलं. ते बसूनच होते, आणि मैदानाकडे त्यांची पाठ होती. ते मायकडे बघत होते. मायने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पदर तोंडाशी नेला आणि मग तो खाली घेतला.

"सदाशिव," ती म्हणाली.